मुक्त व्यापार करारांना गावातून विरोध आणि सोबत पर्याय : सुरुवात कोठून करावी?

काटोल तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी पदवी घेऊन तो गावी परतला आहे. घरी सहा एकर कापूस आणि चार एकर संत्रा आहे. त्याला आणि त्याच्या आठ-दहा मित्रांना मुक्त व्यापार करारांच्या विरोधात तालुका समिती स्थापन करायची आहे आणि तिच्या जोडीने शेतकऱ्यांची स्वतःची विक्रीव्यवस्थाही उभारायची आहे. गावातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की करार दिल्लीत होतात, काटोलच्या ठरावाला कोण विचारतो. संत्रा बागायतदार म्हणतात, की व्यापारच अडवला तर आमचा माल जाणार कोठे. अशा वेळी आधी आंदोलन करावे की आधी पर्याय उभारावा, असे त्याने विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे नागपूर, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतील कापूस व संत्रा उत्पादकांबरोबर काम करतो. पहिली दहा-बारा वर्षे प्रामुख्याने आंदोलनात गेली आणि त्यानंतरची बरीचशी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामात. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या गावातील दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे आणि दोन्ही गांभीर्याने घेतल्याशिवाय समिती एका हंगामापलीकडे टिकणार नाही. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तुमच्या मालाचा भाव नेमक्या कोणत्या निर्णयाने पडतो, तो निर्णय कोण घेते आणि तो फिरेपर्यंत तुमच्याकडील शेतकरी माल घरात ठेवून थांबू शकतो का, हे तीन प्रश्न मला खरे वाटतात. त्यातही तिसरा सर्वांत अवघड आहे, आणि आंदोलन व पर्याय यांची गाठ तेथेच पडते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण येथेच सर्वाधिक गल्लत होते. ‘करारामुळे कापूस पडला’ असे आपण सर्रास बोलतो. प्रत्यक्षात कापसाच्या आयातीचा अलीकडचा इतिहास पाहिला, तर मोठे धक्के कोणत्याही कराराविना बसलेले दिसतात. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर सर्व मिळून ११ टक्के आयात शुल्क लागू झाले. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवले गेले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा उठवले गेले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. हा काळ म्हणजे आपल्याकडे सीतादहीपासून (कापसाच्या पहिल्या वेचणीपासून) दुसऱ्या-तिसऱ्या वेच्यापर्यंतचा काळ. यासाठी ना कोणत्या देशाशी वाटाघाटी लागल्या, ना संसदेत मतदान. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ नुसार केंद्र सरकार एका अधिसूचनेने शुल्कात सूट देऊ शकते. सोयाबीनचेही तसेच. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. तेही अधिसूचनेनेच.

करारामुळे होणारा बदल वेगळ्या जातीचा असतो. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात दरवर्षी ५१,००० टन कापूस विनाशुल्क येऊ देण्याचे आपण मान्य केले आहे. १७० किलोच्या गाठीने हिशेब केला, तर या तीन लाख गाठी होतात आणि एका गाठीला साधारण पाच क्विंटल सरकीसह कापूस धरला, तर पंधरा लाख क्विंटल. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात ८० लाख किंवा त्याहून अधिक गाठी होतात, तेव्हा या तीन लाखांनी बाजार कोसळेल असे मी म्हणणार नाही. फरक असा, की अधिसूचना उद्या मागे घेता येते आणि तुमच्या खासदाराने सभागृहात प्रश्न विचारला तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. करारात लिहून दिलेली सवलत मात्र समोरच्या देशाच्या संमतीशिवाय सहसा परत घेता येत नाही. म्हणून अधिसूचनेच्या विरोधात लढताना वेग लागतो, आणि कराराच्या विरोधात लढताना सही होण्याच्या आधीची दोन-तीन वर्षे लागतात. दोन्हींसाठी एकच मोर्चा, एकच निवेदन वापरले, तर ते दोन्हीकडे वाया जाते.

गावात हे समजावताना मी भाषण करत नाही, पट्टी (माल विकल्याची पावती) समोर ठेवून हिशेब मांडतो. समजा, गिरणीला परदेशी रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) ३५६ किलोची खंडी बंदरात ५५,००० रुपयांना पडते. त्यावर ११ टक्के शुल्क म्हणजे सुमारे ६,०५० रुपये. एक क्विंटल कापसातून साडेचौतीस किलो रुई निघते असे धरले, तर एका खंडीला १०.३ क्विंटल कापूस लागतो. म्हणजे शुल्क शून्य झाले, की क्विंटलमागे जास्तीत जास्त ५८५ रुपयांच्या आसपास दबाव येऊ शकतो. तो सगळाच्या सगळा शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरतो असे नाही. सरकीचा भाव, रुईची लांबी, कापूस महामंडळाची खरेदी जवळच्या केंद्रावर सुरू आहे की नाही, यांवर बरेच अवलंबून असते. महामंडळाची खरेदी वेळेवर सुरू झाली, तर हमीभाव (२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलला ८,११० रुपये होता) खाली आधार देतो. ती उशिरा सुरू झाली, किंवा कापसात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाल्यामुळे गाडी परत आली, की तोच शेतकरी खेडा खरेदीवाल्याच्या (गावात येऊन रोखीने माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या) काट्यावर उभा राहतो. ५८५ रुपयांचा हा आकडा मी फळ्यावर लिहितो तेव्हा मागे बसलेली माणसे पुढे सरकतात. ‘साम्राज्यवाद’ हा शब्द लिहिल्यावर कोणी पुढे सरकल्याचे मला आठवत नाही, त्या शब्दामागील अर्थ मला आजही पटत असला तरी.

आता संत्र्याकडे येतो, कारण तुमच्या बागायतदारांचा आक्षेप टाळून चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या त्याच करारात संत्री व मँडरिन वर्गातील फळांना १३,७०० टनांपर्यंत निम्म्या शुल्काने प्रवेश आहे. तिकडचा हंगाम दक्षिण गोलार्धातील असल्याने ते फळ मुख्यतः आपल्या आंबिया बहाराच्या (पावसाळ्यानंतर तोडणीला येणाऱ्या संत्र्याच्या) आधी बाजारात येते. त्याकडे लक्ष ठेवायलाच हवे, कारण शहरातील गिऱ्हाइकाची सवय एकदा बदलली की ती आपल्या हंगामातही बदललेलीच राहते. परंतु गेल्या काही वर्षांत वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड पट्ट्याचे सर्वाधिक नुकसान बांगलादेशाच्या आयात शुल्काने केले आहे. २०१९ मध्ये किलोमागे २० टका (बांगलादेशी चलन) असलेले ते शुल्क २०२३ मध्ये ८८ टकांवर गेले. जी हिरवट, मध्यम आकाराची फळे आधी थेट सीमेकडे जात, ती नागपूरच्या कळमना बाजारात आणि दिल्लीच्या गाड्यांमध्ये येऊन पडली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचे भारत आणि बांगलादेश हे दोघेही सदस्य आहेत. तरीही शेजाऱ्याने ठरवले तेव्हा त्याने आपले दार अर्धे लोटून घेतले.

मी हे उदाहरण आमच्या बैठकांत मुद्दाम देतो. व्यापाराला सरसकट विरोध ही संत्रा उत्पादकाची भूमिका होऊच शकत नाही आणि त्याला ती घ्यायला लावणे अन्यायाचे आहे. बांगलादेशाने केले ते आपल्या दृष्टीने वाईट असले, तरी कोणत्या वस्तूचे दार किती उघडायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला होता. आपण नेमका तोच अधिकार आपल्या कापसासाठी, सोयाबीनसाठी, दुधासाठी मागत आहोत. विरोध व्यापाराला करायचा नाही, तो अधिकार कायमचा लिहून देण्याला करायचा आहे, एवढे समितीच्या पहिल्या पत्रकात स्पष्ट लिहिले, तर कापूसवाला आणि संत्रावाला एका सतरंजीवर बसू शकतात.

येथे एक जुना मतभेद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. विदर्भात खुल्या व्यापाराचे समर्थन शहरी अर्थतज्ज्ञांपुरते कधीच नव्हते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याला, उघड पाठिंबा दिला होता, आणि त्याच सुमारास कर्नाटकात एम. डी. नंजुंडस्वामी यांची रयत संघटना त्याच प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर होती. जोशींचा युक्तिवाद असा, की निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची सरकारी वसुली), राज्यबंदी (माल दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई) यांतून आपलेच सरकार शेतकऱ्याला उणे सबसिडी देते. बाजार खुला झाला तर निदान ती लूट थांबेल. मी त्या काळी त्यांच्या विरोधातील गटात होतो आणि आजही करारांविषयी माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. पण आपल्या सरकारच्या एका रात्रीच्या निर्णयाने शेतकरी मारला जातो, हे त्यांचे निरीक्षण वरील अधिसूचनांनी वारंवार खरे ठरवले आहे. तुमच्या तालुक्यात संघटनेचे जुने कार्यकर्ते असतीलच. त्यांना विरोधक समजू नका. बाजार समिती आणि जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे) व्यवहार त्यांना आपल्या पिढीपेक्षा अधिक ठाऊक आहेत.

दुसरा प्रश्न, निर्णय कोण घेते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यांकडे आहे, तर परदेशांशी करार आणि आयात-निर्यात संघसूचीत आहेत. अनुच्छेद २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. आणि नुसती सही करण्यासाठी संसदेची मान्यता लागत नाही. म्हणजे ज्याच्या शेतावर परिणाम होतो त्याचे राज्य वाटाघाटीच्या टेबलावर नसते. हे न समजता आम्ही एका हिवाळी अधिवेशनात नागपुरात मोठा मोर्चा काढला होता. यशवंत स्टेडियमपासून निघालो, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले गेलो, पाच जणांचे शिष्टमंडळ आत गेले आणि मंत्र्यांनी पाच मिनिटांत सांगितले, की हा केंद्राचा विषय आहे. आम्ही चिडून बाहेर आलो. घटनेच्या दृष्टीने मात्र त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि चूक आमची होती. राज्याकडे मागायचे ते वेगळे असते: वाटाघाटी चालू असताना राज्य सरकारने वाणिज्य मंत्रालयाला करारातील शुल्कसवलतीतून वगळावयाच्या आपल्या पिकांची यादी लेखी पाठवावी, ती विधानसभेच्या पटलावर ठेवावी, आणि पणन मंडळाच्या योजनांना पुरेसा निधी द्यावा. केंद्राकडे मागायचे ते खासदारामार्फत आणि वाणिज्य विभागाच्या संसदीय स्थायी समितीमार्फत. काटोल रामटेक लोकसभा मतदारसंघात येते. त्या खासदाराच्या हाती शुल्कसूचीतील नेमका क्रमांक असलेले एक पानी निवेदन द्या. कापसाचे शीर्षक ५२०१ आहे, संत्रा-मोसंबीचे ०८०५. ‘करार रद्द करा’ या ओळीवर कोणताही अधिकारी टिपण लिहू शकत नाही. ‘५२०१ वगळण्याच्या यादीत ठेवा’ या ओळीवर त्याला लिहावे लागते.

गावाच्या ठरावाला कोण विचारतो, या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. सोळा देशांच्या ज्या प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटी सहा-सात वर्षे चालू होत्या, त्यातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये बाहेर पडला. त्याआधीच्या महिन्यांत देशभर सर्वांत ठोस विरोध दूध उत्पादकांचा होता. न्यूझीलंडची दूध भुकटी शुल्काविना आली, तर गावच्या संकलन केंद्रावर लिटरला काय मिळेल, हा प्रश्न प्रत्येक सहकारी संस्थेच्या सभासदाला स्वतःच्या पासबुकावरून कळत होता. केवळ शेतकऱ्यांनी करार थांबवला असे सांगणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. पोलाद, कापड आणि इतर उद्योगांना चिनी मालाची धास्ती होती आणि त्यांचा शब्द दिल्लीत आपल्यापेक्षा जास्त ऐकला जातो. तरीही दुधाचा मुद्दा सर्व पक्षांच्या खासदारांनी उचलला, त्याचे कारण मला स्पष्ट दिसते. दूधवाल्यांकडे आधीपासून रोज सकाळ-संध्याकाळ चालणारी संस्था होती. सभासदांची यादी होती, हिशेब होते, बैठकीची सवय होती. आंदोलनासाठी त्यांना नव्याने माणसे गोळा करावी लागली नाहीत.

केरळचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी झालेल्या कराराविरुद्ध २ ऑक्टोबर २००९ रोजी तेथे कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी झाली. करार थांबला नाही. तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. मात्र त्या करारात ४८९ वस्तू वगळण्याच्या यादीत राहिल्या, आणि मिरी, चहा, कॉफी, पामतेल यांच्या शुल्कात पूर्ण सूट न देता दहा वर्षांत हळूहळू कपात ठरली. ज्या पिकांची माणसे आधीपासून बोलत होती, त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहिली गेली. तिकडे मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात ७ ऑक्टोबर २००७ रोजी अशाच करारावर सार्वमत झाले. गावोगावच्या समित्यांनी घरोघर जाऊन कराराचा मजकूर समजावला आणि विरोधकांना ४८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. ते हरले, तरी सामान्य माणसाला शुल्कसूची समजत नाही, हा समज मात्र त्या समित्यांनी खोटा ठरवला.

आता पर्यायाकडे. आपल्याकडे या विषयाची परंपरा मोठी आहे आणि ती फार दूरची नाही. वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेथे बसून गावाच्या अर्थकारणाचा हिशेब मांडला. कापूस पिकतो तेथेच त्याचे सूत आणि कापड व्हावे, हा विचार आज भाबडा म्हणून सोडून दिला जातो. पण १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल शतकाहून अधिक काळ नागपुरातच कापूस घेत होती, हे आपण विसरतो. आज त्या जागेवर मॉल आहे आणि आपली रुई दक्षिणेतील गिरण्यांपर्यंत जाते. स्थानिक मागणी संपली की दूरच्या बाजाराची प्रत्येक शिंक आपल्याला सर्दी देते.

त्याच परंपरेत फसलेले प्रयोगही आहेत आणि त्यांचा अभ्यास अधिक आवश्यक आहे. महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ पासून सुमारे तीन दशके चालली. खासगी व्यापाऱ्याला बाजूला सारणारा, बाजारातील चढ-उतार शेतकऱ्याच्या अंगावर येऊ न देणारा हा देशातील मोठा प्रयोग होता. त्याच्या शेवटच्या वर्षांत मी स्वतः शेतकऱ्यांना चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने चकरा मारताना पाहिले आहे. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला, की रात्री बैलगाड्या सीमेपलीकडे जात. प्रतवारी खिडकीतल्या माणसाच्या मर्जीवर असे. योजना शेतकऱ्यांच्या नावाने होती, पण खिडकीच्या आतील बाजूला शेतकरी कधीच बसला नाही. त्यामुळे ती बंद पडली तेव्हा तिच्यासाठी रस्त्यावर येणारी माणसेही फारशी नव्हती.

याच्या उलट गडचिरोलीतील मेंढा-लेखा. धानोरा तालुक्यातील या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आणि ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो, जो निर्णय घेत नाही, केवळ विषय समजून घेतो. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे संकलन व विक्री स्वतः केली. सगळे सुरळीत झाले असे नाही, काही ठिकाणी ठेकेदारांकडे पैसे अडकलेही. मात्र हिशेबाची वही गावात होती, त्यामुळे कोणाकडे किती अडकले हे प्रत्येक घराला ठाऊक होते. जंगल सामूहिक असते आणि कापूस प्रत्येकाच्या घरचा असतो, म्हणून हा नमुना काटोलला जसाच्या तसा बसणार नाही. अभ्यासगटाची पद्धत मात्र जशीच्या तशी घ्या.

आमच्या उत्पादक कंपनीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगतो. आम्ही कापूस न विकता एका जिनिंगमध्ये मजुरीवर सरकी काढून घेण्याचे ठरवले. रुई आपण विकू, सरकी आपण विकू, मधला नफा वाचेल, असा विचार होता. चारशे क्विंटल कापूस नेला. रुईचा उतारा आमच्या अंदाजापेक्षा क्विंटलमागे जवळपास दोन किलोंनी कमी दाखवला गेला, आणि सरकीचे पैसे संक्रांत उलटून गेल्यावर आले. भांडण करायला आमच्याकडे काहीच नव्हते, कारण काट्यावर, मशिनवर आणि गाठी बांधताना आमचा माणूस उभा नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही दोन सभासदांना रोजी देऊन तेथे बसवले. त्यांच्याकडे शंभरपानी वही होती: गाडी क्रमांक, आत जाताना वजन, ओलावा, गाठीचा क्रमांक, गाठीचे वजन, सरकीची पोती. त्या वर्षी उतारा आपोआप सुधारला. जिनिंग तेच, मशिन तेच, कापूसही त्याच शिवारातला.

आणि तरीही पहिल्या चार वर्षांत आमचे निम्मे सभासद कंपनीला माल देत नव्हते. त्याचे कारण दिवाळीत दडले आहे. सीतादहीचा कापूस घरात आला, की कृषी केंद्राची उधारी, मजुरांचे वेचणीचे पैसे आणि लेकीबाळींचा सण एकाच आठवड्यात समोर उभे राहतात. खेडा खरेदीवाला रोख देतो. आम्ही वीस दिवसांनी देणार होतो. माल अडवून ठेवायचा म्हटले, तरी विदर्भातील घरांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, त्यालाच टेकून अंथरूण. दोन महिने उलटले की कापसातील किड्यांमुळे लहान मुलांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. एक माउली मला म्हणाली होती, ‘भाऊ, भाव वाढन तेव्हा वाढन, पोराच्या अंगावरची खाज आज हाये.’ त्या दिवसापासून मी ‘माल रोखून धरा’ असे आवाहन व्यासपीठावरून करणे बंद केले.

ज्या शेतकऱ्याला पंधरा दिवसही थांबता येत नाही, तो बाजारात ‘नाही’ म्हणू शकत नाही. आणि असे शेतकरी असलेल्या जिल्ह्याचे शिष्टमंडळ मंत्रालयात ‘नाही’ म्हणाले, तरी तेथे बसलेल्यांना ठाऊक असते, की नोव्हेंबरात हा माल कोणत्याही भावाने बाजारात येणारच आहे. म्हणून मी विक्रीकेंद्राच्या इमारतीपेक्षा थांबण्याच्या सोयीला आधी पैसा लावा असे सांगतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे: सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. सोयाबीन-तुरीपासूनच सुरुवात करा, कारण कापसाचे साठवण अवघड आणि आगीची जोखीम मोठी. काटोलच्या बाजार समितीत ही योजना प्रत्यक्ष किती चालते, गोदामात जागा आहे का, हे तुम्हालाच जाऊन पाहावे लागेल. प्रत्येक समितीचा अनुभव वेगळा असतो. कापसासाठी आम्ही एक छोटी व्यवस्था केली. प्रत्येक सभासदाने खरिपाआधी पाचशे रुपये टाकून आकस्मिक निधी उभारला आणि दिवाळीपूर्वी माल देणाऱ्याला त्याच दिवशी साठ टक्के उचल दिली. रक्कम मोठी नव्हती. पण त्यानंतर माल देणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली.

संत्र्याला हे जमत नाही, हे मान्य करतो. फळ थांबत नाही. तेथे थांबण्याची ताकद इसार (व्यापाऱ्याने दिलेली आगाऊ रक्कम) नाकारण्यात असते. बाग फुलावर किंवा लिंबाएवढ्या फळावर ठोक दिली जाते, कारण जूनमध्ये पैशाची गरज असते. मग गारपीट झाली की व्यापारी भाव पाडतो किंवा इसार सोडून निघून जातो. तुमच्या गटातील पाच बागायतदारांनी जरी एक बहार ठोक न देता स्वतः तोडून, प्रतवारी करून, कॅरेटमध्ये भरून विकला, तरी खर्च, तूट आणि भाव यांचे खरे आकडे गावाला पहिल्यांदा कळतील. पहिल्या वर्षी फायदा होईलच, याची हमी मी देणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर. पहिले सहा महिने समितीचे नाव, फलक, पदाधिकारी यांत घालवू नका. आठ-दहा मित्रांचा अभ्यासगट करा आणि प्रत्येकाने आपल्या गावातील वीस घरांच्या मागील तीन वर्षांच्या पट्ट्या गोळा कराव्यात: तारीख, वजन, कापलेला कडता (वजनातील कपात), भाव, पैसे मिळाल्याची तारीख. त्याशेजारी शुल्कातील बदलांच्या तारखा मांडा. हा तक्ता तुमच्या आंदोलनाचे निवेदनही आहे आणि तुमच्या विक्रीव्यवस्थेचा आराखडाही. त्यातून कदाचित असे दिसेल, की तुमच्या तालुक्यात आयातीपेक्षा कडता आणि उशिरा मिळणारे पैसे अधिक खातात. तसे दिसले तर ते लपवू नका. आधी बाजार समितीत जा. आमच्या दोन तालुक्यांत नेमके हेच निघाले, आणि कडत्याचा प्रश्न सुटल्यावरच लोक कराराच्या बैठकीला येऊ लागले.

या अभ्यासगटात बायकांना सुरुवातीपासून घ्या, ग्रामसभेच्या कोरमपुरते नाही. वेचणीच्या मजुरीचा आणि घरातील उधारीचा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. पट्टी पुरुषाच्या खिशात सापडेल. ती पट्टी घाईने का फाडावी लागली, हे स्वयंपाकघरात कळेल. आम्ही हे उशिरा केले आणि त्यामुळे दिवाळीच्या रोख रकमेचा मुद्दा आम्हाला चार वर्षे उमगला नाही.

राजकीय पक्षांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी हा प्रश्न पहिल्याच जाहीर सभेला येईल. आम्ही असा नियम ठेवला आहे, की तक्ता सगळ्यांना द्यायचा, व्यासपीठ कोणालाही द्यायचे नाही. बियाण्याच्या मुद्द्यावर तो उपयोगी पडला. करारांमध्ये बियाणे कंपन्यांचे हक्क वाढवण्याची मागणी येत असते, आणि आपल्याकडे २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे जपण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क देते. या कलमाला हात लागू नये, असे पत्र आमच्या भागातील परस्परविरोधी पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी वेगवेगळे दिले. एकत्र मागितले असते तर एकानेही दिले नसते.

तुमच्या हाती सध्या आंबिया बहार किंवा पहिला वेचा असेल, तर बैठकीसाठी थांबू नका. येत्या बाजाराच्या दिवशी काट्याजवळ वही घेऊन उभे राहा आणि पहिल्या दहा गाड्यांची नोंद करा. शक्य झाल्यास वजनकाट्याच्या पावतीचा फोटोही घ्या. नंतर आकड्यांवर वाद झाला, की तोच कामी येतो. तक्ता तयार झाला की पाठवा. आमच्याकडील वर्धा आणि मोर्शीच्या नोंदी मी तुम्हाला देईन, म्हणजे तीन तालुके शेजारी ठेवून पाहता येतील.